राउटर व तारजोडणी, घरगुती : दोषशोधन

घरातील संगणक, मोबाइल आणि दूरचित्रवाणी संच यांना एकाच जोडणीवरून इंटरनेट पुरवणारा राउटर, त्याच्यापर्यंत येणारी तार आणि त्याच्यातून निघणारी लॅन केबल यांतील बिघाडाची नेमकी जागा शोधण्याची रीत. ‘नेट बंद आहे’ ही तक्रार एकच असली, तरी बिघाड सेवादात्याच्या जाळ्यात, घरापर्यंत आलेल्या फायबरमध्ये, ती फायबर जिच्यात येऊन मिळते त्या भिंतीवरच्या ओएनटी या पेटीत, राउटरमध्ये, केबलमध्ये किंवा खुद्द संगणकात असू शकतो. यांपैकी काय काय ठीक आहे हे एकेक करून पक्के करत गेले की दोषाची जागा उरते. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी लागते. केबल, अडॅप्टर आणि सेटिंग एकदम बदलल्यास नेट सुरू होईलही, पण ते कशाने बंद पडले होते हे कळत नाही.

पहिली चाचणी तारेची. लॅपटॉपचे वाय-फाय बंद करून तो लॅन केबलने थेट राउटरला जोडतात. तारेवर नेट नीट चालले आणि मोबाइलवर अडखळले, तर बाहेरची जोडणी निर्दोष आहे. दोष वाय-फायच्या बाजूला, म्हणजे जाड भिंती, लोखंडी कपाट किंवा शेजारच्या राउटरांची गर्दी यांत शोधावा. स्पीड मिळत नसल्याची तक्रार नोंदवण्यापूर्वी ही चाचणी केलीच पाहिजे, कारण वाय-फायवर मोजलेला वेग खोलीखोलीने बदलतो. तारेवरही नेट नसेल तर राउटरच्या मागे, बाहेरच्या दिशेने सरकावे.

तेथे दिवे पुष्कळ काही सांगतात. फायबर जोडणीत ओएनटीवरचा ‘पॉन’ दिवा स्थिर हिरवा असणे म्हणजे सेवादात्याच्या केंद्राशी नोंदणी झालेली असणे; तो लुकलुकत राहिला तर नोंदणी अडलेली आहे. ‘एलओएस’ हा लाल दिवा लागला तर प्रकाशच पोहोचत नाही : फायबर तुटली आहे, फार वाकली आहे किंवा तिचा जोड सैल आहे. फायबर बोटाभोवती गुंडाळावी इतकी वळवली किंवा कपाटामागे दाबली गेली, तरी प्रकाश वळणावर बाहेर झिरपतो. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर आत येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता डीबीएममध्ये पाहायला मिळते. प्रचलित जीपॉन पद्धतीत ती साधारण उणे ८ ते उणे २७ या मर्यादेत असावी लागते. उणे २७च्या आसपास रेंगाळणारी जोडणी दिवसातून अनेकदा तुटते आणि आपोआप जुळते. हिरव्या टोकाच्या जोडाचा दर्शनी भाग तिरका घासलेला असतो, निळ्याचा तसा नसतो. हिरवा जोड निळ्यात बसवल्यास बराच प्रकाश वाया जातो. हा प्रकाश अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सुटलेल्या फायबरच्या टोकात डोकावून पाहणे धोक्याचे आहे. येथपर्यंत दोष आढळला तर पुढचे काम सेवादात्याच्या माणसाचे. फायबर जोडायला लागणारे स्प्लायसिंग यंत्र घरी नसते.

दिवे मधूनमधून विझून पुन्हा क्रमाने लागत असतील तर संशय अडॅप्टरवर घ्यावा. जुना झालेला १२ व्होल्टचा अडॅप्टर भार पडताच कमी दाब देऊ लागतो, आणि घरात सगळे एकदम ऑनलाइन आले की राउटर स्वतःहून रीस्टार्ट होतो. बदली अडॅप्टरचा व्होल्ट तोच हवा, अँपिअर तेवढेच किंवा अधिक असले तरी चालतात.

घरगुती दोषांमध्ये सर्वांत दुर्लक्षित राहते ती लॅन केबल, कारण ती अर्धवट बिघडूनही चालत राहते. केबलीत पिळलेल्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा असतात. १०० एमबीपीएसच्या जोडणीला त्यांतल्या दोनच जोड्या लागतात. १९९९ साली प्रमाणित झालेल्या तांब्याच्या गिगाबिट जोडणीला मात्र चारही. नेहमीच्या रंगक्रमात पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी अशा तारा बसवतात. यांतली निळी किंवा तपकिरी जोडी क्लिपमध्ये नीट दाबली गेली नसेल, तर बहुतेक उपकरणे निमूटपणे १०० एमबीपीएसवर उतरतात. नेट चालू राहते, दिवाही लागतो. ग्राहकाने ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलेला असतो आणि स्पीड टेस्ट कितीही वेळा केली तरी आकडा ९४-९५च्या वर जात नाही. हा आकडा योगायोगाचा नाही : १०० एमबीपीएसच्या तारेवरून माहितीच्या पुड्यांची वेष्टने वजा जाता एवढाच वेग हाती लागतो. तो दिसताच प्लॅनविषयी वाद घालण्याआधी केबल बदलून पाहावी आणि संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० दिसतो का ते तपासावे. राउटरची पोर्टच १०० एमबीपीएसची असतील तर केबल बदलून काही होणार नाही. स्वस्त राउटरांत ती आजही आढळतात. केबलीची मान्य लांबी १०० मीटर आहे. गच्चीवरून उन्हात टाकलेल्या साध्या केबलीचे आवरण तडकून आत पाणी शिरते, आणि दोष फक्त पावसात प्रकट होतो.

तार ठीक असेल तर संगणकाला मिळालेला आयपी पत्ता पाहावा. विंडोज संगणकावर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की तो दिसतो. १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता म्हणजे बहुधा राउटरने तो नीट दिला आहे; १६९.२५४ने सुरू होणारा म्हणजे संगणकाने मागितला, पण कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच घेतला. त्यानंतर ‘पिंग’. १९८३च्या डिसेंबरात माइक मस यांनी अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत लिहिलेला हा छोटा प्रोग्राम आजही या कामाचे मुख्य हत्यार आहे. आधी राउटरच्या पत्त्यावर, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर, पिंग करतात. तारेवर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आसपास यावे. उत्तरे गळत असतील तर दोष घरातच आहे. मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्यावर. तेथून उत्तर येते, पण संकेतस्थळाचे नाव टाकले की काही उघडत नाही, असे असेल तर जोडणी शाबूत असून नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे. राउटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरल्यास हा प्रश्न तेथेच मिटतो. काही संकेतस्थळे पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, तेव्हा एकाच ठिकाणच्या मौनावरून निष्कर्ष काढू नये.

भारतातील अनेक जोडण्या पीपीपीओई पद्धतीने, म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड देऊन सुरू होतात. संगणकावरून थेट डायल केल्यावर ६९१ ही त्रुटी आली तर तार निर्दोष आहे. नाव किंवा पासवर्ड चुकला आहे अथवा रिचार्ज संपला आहे. ६५१ आल्यास पलीकडून प्रतिसादच नाही. काही केबलवाले जोडणी एकाच उपकरणाच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्याच्या ओळखक्रमांकाला, बांधून ठेवतात, त्यामुळे नवा राउटर लावताच नेट थांबते. नव्याचा पत्ता त्यांना कळवावा लागतो किंवा नव्या राउटरमध्ये जुन्याचा उतरवावा लागतो. बाहेरून आलेली केबल वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये खोचणे ही चूक किरकोळ दिसते, पण लॅन केबलने जोडलेल्या जुन्या धर्तीच्या इमारतीत तो राउटर शेजाऱ्यांनाही पत्ते वाटू लागतो आणि दोष नसलेल्या घरांतलेही नेट जाते.

फक्त रात्री मंदावणारे नेट हा वेगळा प्रकार आहे. तारेवर सकाळी आणि रात्री वेग मोजून मोठा फरक आढळला तर सेवादात्याच्या जाळ्यात गर्दी आहे. मात्र त्याच वेळी घरातला कॅमेरा किंवा मोबाइल फोटो वर चढवत नसल्याची खात्री करावी. अपलोडचा मार्ग भरला की डाउनलोडही अडखळते, आणि पिंगची वेळ कित्येक पटींनी वाढलेली दिसते.

रीस्टार्ट आणि रिसेट यांत गल्लत करू नये. राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून सुरू केल्याने अडकलेली जोडणी पुष्कळदा सुटते आणि सेटिंग कायम राहतात. पिनेने दाबायचे रिसेटचे बटण सुमारे १० सेकंद धरले की युजरनेम, पासवर्ड, वाय-फायचे नाव सारे पुसले जाते. ही माहिती कागदावर लिहून ठेवल्याखेरीज त्या बटणाला हात लावू नये.

महाराष्ट्रात वळवाच्या पावसात विजा कडाडल्यानंतर राउटरचे एखादे पोर्ट कायमचे मेल्याचे आढळते. गच्चीवरून गेलेल्या तांब्याच्या लॅन केबलीत विजेचा दाब निर्माण होतो आणि तो थेट पोर्टवर येतो. चांगली केबल लावूनही एकाच पोर्टचा दिवा लागत नसेल, तर ते पोर्ट जळाले असे समजून दुसरे वापरावे. वॅन पोर्ट गेले असेल तर बहुधा राउटरच बदलावा लागतो. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण अडॅप्टरच्या वाटेने दाब येऊ शकतो, म्हणून गडगडाट सुरू होताच प्लग काढून ठेवणे श्रेयस्कर.

दोष घराबाहेरचा ठरल्यास तक्रारीत दिव्यांची स्थिती, ओएनटीवरचा डीबीएमचा आकडा, तारेवर मोजलेला वेग आणि त्याची वेळ सांगावी व तक्रार क्रमांक घ्यावा. एवढा तपशील दिला की कॉल सेंटरच्या ‘राउटर बंद-चालू करा’ या पायरीवर वेळ जात नाही आणि तंत्रज्ञ योग्य साहित्य घेऊन येतो.