मामांचा पंप आणि मेक्सिकोचा भुंगा

गेल्या श्रावणात सणसवाडीला मामांकडे गेले होते. बांधावरच्या गाजरगवताची पार चाळणी झालेली, आणि पानापानावर छोटे भुंगे. मळकट पांढरं अंग, त्यावर काळपट पट्टे. मामा पाठीवर पंप अडकवून तयार! "आज गवतावर आहेत, उद्या पिकावर येतील."

"मामा, थांबा! तो आपला माणूस आहे."

आता आपला म्हणजे मेक्सिकोचा. त्याची गोष्ट सांगायची तर आधी गवताची सांगायला हवी.

भारतात हे गवत पसरत असल्याची पहिली नोंद आपल्या पुण्यातलीच, १९५५ ची. आर. एस. राव यांनी ती १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली. आमच्याकडे सगळे ठामपणे सांगतात की, हे पीएल-४८० च्या लाल गव्हातून आलं. पण तो करार भारताशी झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे गवत आधीच उगवलेलं! १९५१ च्या कर्जातूनही अमेरिकेचा गहू आला होता, तेव्हा धान्यातून आलं असेलही. पण पीएल-४८० च्या माथी मारलेला हा आरोप तारखांत काही बसत नाही. असो.

गवत चोरपावलांनी आलं, भुंग्याला मात्र रीतसर बोलावणं गेलं. १९८३ मध्ये तो मेक्सिकोहून बंगलोरला आणला, तपासला आणि १९८४ मध्ये मोकळा सोडला. नाव झायगोग्रामा. पुढे नव्वदीच्या सुरुवातीला तो सूर्यफुलावर दिसला आणि एकच ओरड झाली. तपासाअंती कळलं की गाजरगवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडतात, त्या वासाने तो तिथे थोडं कुरतडतो, पण त्यावर त्याचा संसार चालत नाही. सुटला बिचारा!

अर्थात तो काही जादूगार नाही. काम करतो ते पावसाळ्यात. पुढे थंडी-उन्हाळा जमिनीत दडी मारून बसतो. आणि गवताच्या एकेका झाडाला हजारो बिया. सणसवाडीत कारखान्यांच्या मधल्या रिकाम्या प्लॉटवर बघा, नुसतं पांढरं रान. ते उपटून उपटून मामीचे हात कोपरापर्यंत खाजून लाल होतात, ती आता बांधाकडे फिरकतही नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. पंप उतरवला. मग म्हणाले, "यंदा सूर्यफूल केलंच नाहीये गं. खाऊ दे त्यांना."

मामीने विचारलं, "प्लॉटवर नेऊन सोडता येतील का?" दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मुरांब्याची रिकामी बरणी घेऊन बांधावर होतो. हातात मोजे घालून.