दात येणे : मृत्यूच्या एका कारणाचा इतिहास

मागच्या वेळी आपण कार्यकारणभावापाशी थांबलो होतो. आज त्याचंच एक उदाहरण पाहू, तान्ह्या बाळाच्या तोंडातलं.

इंग्लंड आणि वेल्सच्या १८३९ सालच्या सरकारी मृत्युनोंदींत ५,०१६ मृत्यूंपुढे कारण लिहिलंय : दात येणे. ही काही अडाण्यांची समजूत नव्हती, डॉक्टरही तसंच मानत. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, वीस दुधाचे दात पुरे व्हायला अडीच वर्षं लागतात. नेमक्या याच काळात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते, वरचं दूध सुरू होतं, रांगतं मूल दिसेल ते तोंडात घालतं. जुलाब, ताप, झटके याच वयातले. आणि दात तर डोळ्यांना दिसतो! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. आपल्या परंपरेत यालाच काकतालीय न्याय म्हणतात. आपल्या घरांतही ‘दात येताहेत, होणारच जुलाब’ हे अजून ऐकू येतं, आणि अंगातलं पाणी कमी होत चाललेल्या मुलाला ओआरएस द्यायला एक दिवस उशीर होतो.

सोळाव्या शतकातला फ्रेंच शल्यविशारद आंब्रोआझ पारे घ्या. एका ड्यूकचं आठ महिन्यांचं मूल दगावलं. शवविच्छेदनात काही सापडेना, तेव्हा हिरड्या चिरून पाहिल्या तर आत दात तयार. आधीच चिरल्या असत्या तर मूल वाचलं असतं, असा त्याचा निष्कर्ष. अहो, आठ महिन्यांच्या कुठल्याही निरोगी मुलाच्या हिरडीत दात असणारच! पण निरोगी मुलाची हिरडी चिरून बघायला जातो कोण? पुढची तीनेकशे वर्षं डॉक्टर मुलांच्या हिरड्या चिरत राहिले.

मग दात येण्यावरच्या पावडरी आल्या. त्यांत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार असे. विसाव्या शतकात ब्रिटन-ऑस्ट्रेलियात लहान मुलांमध्ये ‘पिंक डिसीझ’ दिसू लागला : हातपाय गुलाबी, सुजलेले, उजेड सोसत नाही, सतत रडणं. काही मुलं दगावत. पावडर बहुतेकांना बाधत नसे, थोड्यांनाच बाधे. त्यामुळे संशय तिच्यावर जाईना. १९४८ साली वारकानी आणि हबर्ड यांनी अशा मुलांच्या लघवीत पारा दाखवला. १९५४ मध्ये ब्रिटिश उत्पादकांनी पावडरीतून तो काढला आणि काही वर्षांत हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

या आजारात कित्येक मुलांच्या हिरड्या सुजून दात हलू लागत, आणि नुकतेच आलेले दात गळून पडत.