जपानी माणूस संप करतो काय?

जपानवर बोलावयास उभे राहिले की श्रोत्यांकडून कोणते प्रश्न येणार, हे आता आम्हांस पाठ झाले आहे. धुळ्यास जा, जळगावास जा, अमळनेरास जा, प्रश्न तेच. दोन काड्यांनी भात खाताना तो सांडत कसा नाही? घरात खुर्ची नसते, हे खरे का? सगळे घर एकाच पाण्यात आंघोळ करते, मग ओवळे-सोवळे काही आहे की नाही? आणि बुद्धाला मानणारी माणसे मासा, तोही कच्चा, कसा खातात?

या प्रश्नांना आम्ही कधी हसलो नाही. शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजते हे विचारल्यावाचून शेजार होत नाही. तेव्हा जमेल तशी उत्तरे देतो. भात त्यांचा चिकट असतो आणि वाडगे उचलून तोंडाशी नेण्यात त्यांस कमीपणा वाटत नाही, म्हणून सांडत नाही. जोडे दाराशी काढणे, जमिनीवर बसून जेवणे, रात्री अंथरूण घालून सकाळी गुंडाळून ठेवणे ही त्यांची जुनी रीत. आपल्या आजोबांनी पाहिली असती तर त्यांना नवल वाटले नसते. हौदात उतरण्यापूर्वी माणूस बाहेर साबण लावून स्वच्छ होऊन घेतो. हौदाचे पाणी अंग शेकण्यासाठी असते, मळ काढण्यासाठी नसते. मांसाचे म्हणाल, तर इ. स. ६७५ मध्ये तेम्मू सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास बंदी केली, आणि १८७२ साली मेइजी सम्राटाने स्वतः मांस खाल्ल्याचे जाहीर झाले. मधली बारा शतके बंदी पुष्कळांनी पाळली, पुष्कळांनी मोडली. मासा मात्र त्या बंदीत कधी नव्हताच.

येथवर सारे हसतखेळत चालते. मग मागच्या रांगेतून कोणीतरी हमखास उठतो आणि विचारतो, "भाऊ, जपानना लोके संप करतस का नही?" विचारणाऱ्यास उत्तर ठाऊक असते. जपानी कामगार संप करीत नाही, दंडाला काळी पट्टी बांधून दुप्पट काम करतो. जोड्यांच्या कारखान्यातले कामगार रागावले तेव्हा त्यांनी नुसते डावे जोडे बनविले आणि मागणी मान्य झाल्यावर उजवे बनवून दिले. ही गोष्ट महाराष्ट्रात ऐकली नाही असा माणूस विरळा. शाळेत गुरुजींनी सांगितलेली, वार्षिक समारंभात व्यवस्थापकांनी सांगितलेली, लग्नाच्या पंगतीत व्याह्याने सांगितलेली.

कबूल करावयास हवे की एकदा ती आम्हीही सांगितली. तीस वर्षे होत आली. गेटसभा होती, संप करावा की न करावा असा पेच होता, आणि सबुरीचा सल्ला देताना आम्हांस ती सोयीची वाटली. सभा संपल्यावर साचाखात्यात जन्म काढलेले एक वृद्ध कामगार जवळ आले आणि म्हणाले, "साहेब, चामडं कापणारा, शिवणारा, तळ ठोकणारा, सगळ्यांनी एकदम डावंच करायचं ठरवलं, म्हणजे त्यांची युनियन आपल्याहून पक्की असली पाहिजे. त्या कारखान्याचं नाव काय?" आम्हांस नाव सांगता आले नाही. आजतागायत सापडलेले नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात फार झाले. जळगावच्या व. वा. वाचनालयात आणि धुळ्याच्या गरुड वाचनालयात जपानविषयी मिळेल ते आम्ही वाचू लागलो, ते त्या प्रश्नाच्या लाजेने.

वाचता वाचता ध्यानात आले ते हे की, खानदेशाचा जपानशी संबंध पुस्तकातून आलाच नव्हता. तो कापसातून आला होता. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले आणि निप्पॉन यूसेन कायशा या आगबोट कंपनीशी त्यांनी मुंबई-कोबे वाहतुकीचा करार केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'हिरोशिमा मारू' ही बोट कोबेहून मुंबईस निघाली. तोपर्यंत या मार्गावर परक्या कंपन्यांची मक्तेदारी होती. त्यांनी नव्या बोटी बुडविण्यासाठी कापसाचे भाडे मातीमोल केले, तरी जपानी गिरण्या आपल्या बोटींना चिकटून राहिल्या. १८९६ साली जपानने कच्च्या कापसावरील आयातकर काढून टाकला. पुढच्या काळात हिंदी कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जपान हेच झाले.

यात खानदेशाला विशेष लाभ होता. आपल्याकडचा 'एन. आर.' म्हणजे रोझियम जातीचा कापूस धाग्याने आखूड, पण त्यातून रुई भरपूर निघे. तलम सूत काढणाऱ्या लँकेशायरला असला कापूस नको होता. ओसाकाच्या गिरण्यांनी मात्र कापूस मिसळण्याची विद्या साधली. आपला आखूड कापूस, त्यात थोडा लांब अमेरिकन, अशी निरनिराळी मिश्रणे करून स्वस्तात जाडेभरडे पण सारखे सूत काढावयाचे, हे त्यांचे मोठे हत्यार. बी आपल्या काळ्या रानातले, रुई आपल्या जिनातली, गाठ आपल्या प्रेसमधली, आणि कापड होऊन परत येई ते जपानी छाप घेऊन. आमच्या लहानपणी घरातली म्हातारी माणसे तकलादू वस्तूला 'जपानी माल' म्हणत. तो शब्द त्या काळचा.

आता प्रश्न असा की ती गाठ तिकडे कोणाच्या हातात पडत असे? काड्यांनी जेवतात कसे हे विचारणाऱ्या आपल्या पूर्वजांनी हे विचारले नाही, आणि आम्हांसही फार उशिरा सुचले. ती पडे मुलींच्या हातात. जपानच्या सूतगिरण्यांतले बहुसंख्य कामगार म्हणजे खेड्यापाड्यांतल्या बारा-तेरापासून वीस-बावीस वर्षांच्या मुली. गिरणीचा मुकादम खेड्यात जाई, बापाला उचल देई आणि पोरीला घेऊन येई. ऊसतोडीच्या टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना उचल म्हणजे काय हे समजावून सांगावयास नको. मुलगी गिरणीच्या आवारातल्या वसतिगृहात राही. भोवती भिंत. बाहेर जावयाचे तर परवानगी. काम दोन पाळ्यांत, दिवसाची बारा तास आणि रात्रीची बारा तास. एक पाळी उठली की तिच्या अंथरुणावर दुसरी पाळी निजे. सकाळी गुंडाळून ठेवण्याची ती सुंदर रीत आम्ही आताच सांगितली ना? येथे अंथरूण गुंडाळले जातच नसे, की त्याला ऊन दाखविले जात नसे. १९१३ साली इशिहारा ओसामू या वैद्यकतज्ज्ञाने गिरणीतल्या मुली आणि क्षय यांचा संबंध आकड्यांनिशी मांडला. खोकू लागलेली मुलगी घरी पाठविली जाई आणि गिरणीतला क्षय खेड्यात पोचे. १९२५ साली होसोई वाकिझो याने या मुलींच्या दुःखाचा इतिहास लिहिला. हा होसोई स्वतः गिरणीकामगार, शाळा अर्धवट सुटलेला. पुस्तक बाहेर पडले त्याच वर्षी, अठ्ठाविसाव्या वर्षी, तो वारला. विद्यापीठातल्या माणसाने नव्हे, साच्यावरच्या माणसाने हा ग्रंथ लिहिला, याचा आम्हांस थोडा अभिमान वाटतो. तो क्षम्य मानावा.

याच काळात एका मराठी माणसाने जपानविषयी फार चांगले कुतूहल दाखविले, हेही सांगितले पाहिजे. टोकियोस १९०१ साली निघालेल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आली. तीतून त्यांनी जे घ्यावयाचे ते घेतले, आणि १९१६ साली आपल्याकडे महिला विद्यापीठ उभे राहिले. एका पुस्तिकेतून एवढे काम झाल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. परंतु त्या विद्यापीठातली मुलगी आणि त्या वसतिगृहातली मुलगी एकाच देशात, एकाच वर्षी वाढत होत्या. पहिलीची वार्ता पुस्तिकेतून आली. दुसरीची आली ती कापडाच्या भावातून.

आणि भावातून आलेली वार्ता मालकांच्या तोंडून आली, म्हणून ती वाकडी आली. १९२७ साली कापडधंद्याच्या टॅरिफ बोर्डाने अहवालात लिहिले की जपानी गिरण्या दोन पाळ्या चालवितात आणि बायकांना रात्री राबवितात, ही स्पर्धा न्याय्य नव्हे. जपानचा कारखाना कायदा १९११ चा, तो अंमलात आला १९१६ साली, आणि बायकांच्या रात्रपाळीची बंदी लागू झाली थेट १९२९ च्या जुलैत. बोर्डाचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु मुंबईच्या गिरण्यांत त्याचा अर्थ काय केला गेला? जपानी मुलगी जास्त साचे सांभाळते, मग तुम्हांस का जमत नाही? जपानी कापड स्वस्त, तेव्हा तुमची मजुरी कमी करणे भाग आहे. १९२८ चा मोठा संप आणि १९३४ चा संप या दोहोंच्या मुळाशी हे वाढते साचे आणि घटती मजुरी होती. त्या मुलीला रात्री निजू द्या, म्हणजे आमच्या पोटावरचा पाय आपोआप निघेल, असे आपल्याकडे किती जणांनी म्हटले? आमच्या चळवळीनेही तिला बहीण म्हणण्यापेक्षा स्पर्धक म्हणण्यातच अधिक वेळ घालविला, असे आमचे मत झाले आहे.

१९३३ च्या जूनमध्ये सरकारने ब्रिटनबाहेरच्या कापडावरील जकात ७५ टक्क्यांवर नेली. उत्तर म्हणून जपानी गिरण्यांनी हिंदी कापूस घेणेच बंद केले. जकातीचा वाद कापडाचा, मालक मुंबईचे आणि ओसाकाचे, आणि गिऱ्हाईक गेले कापूस पिकविणाराचे. शिमला आणि दिल्ली येथे महिनोन्महिने बोलणी होऊन १९३४ च्या जानेवारीत समझोता झाला. जपानने वर्षाला दहा लाख गाठी कापूस घ्यावा व साडेबत्तीस कोटी वार कापड आणावे. पंधरा लाख गाठी घेतल्या तर चाळीस कोटी वार आणता येईल. जकात ५० टक्क्यांवर आली. या हिशेबात पूर्व आणि पश्चिम खानदेशच्या शेतकऱ्याचे वा ओसाकाच्या मुलीचे नाव कोठे नाही. नुसत्या गाठी आणि वार.

आता त्या मागच्या रांगेतल्या प्रश्नाकडे वळू. जपानी माणूस संप करतो काय? अहो, तेथला कारखान्यातला पहिला संपच बायकांनी केला! १८८६ साली, कोफू गावच्या अमेमिया रेशीम गिरणीत. मालकांनी एकजूट करून कामाचे तास वाढविले आणि मजुरी उतरविली. शंभरेक मुली उठून एका देवळात जाऊन बसल्या आणि मालकास नमावे लागले. १९३० च्या नोव्हेंबरात कावासाकीच्या सूतगिरणीत संप फुटण्याच्या बेतात होता. तानाबे कियोशी नावाचा एक तरुण गिरणीच्या धुराड्यावर चढला आणि पाच दिवसांहून अधिक वर बसून राहिला. खाली हजारोंची गर्दी. तशात सम्राटाची आगगाडी त्या बाजूने जावयाची होती. सम्राटाच्या डोक्यावर कोणी माणूस उंच बसलेला असावा, हे तेथे कल्पनेतही बसत नव्हते. गाडी येण्यापूर्वी तडजोड झाली आणि तो उतरला. ज्यांनी गिरणीच्या धुराड्याखाली बालपण काढले, त्यांना या गोष्टीची उंची सांगावयास नको.

महायुद्धानंतर तर संपांची रांगच लागली. सगळेच जिंकले असे नाही. मिइके येथील कोळशाच्या खाणीत बाराशेहून अधिक माणसे काढली, त्यावरून १९६० साली जवळजवळ दहा महिने झुंज चालली, आणि ती कामगार हरले. दंडाला फीत किंवा कपाळाला पट्टी बांधून कामावर जाण्याची निषेधाची रीत तेथे आहे, हे खरे. काळ्या पट्टीच्या गोष्टीत खरे असेल तर तेवढेच. १९५५ पासून तेथे दर वसंतात सगळ्या धंद्यांच्या संघटना एकाच वेळी मजुरीवाढ मागतात, त्यास 'शुन्तो' म्हणजे वसंतातला लढा असे नाव आहे. आपण वसंतात व्याख्याने ऐकतो, ते वसंतात पगार वाढवून घेतात. मधली पुष्कळ वर्षे ती वाढ नावापुरतीच असे. २०२४ साली मात्र सरासरी पाच टक्क्यांच्या वर गेली, तीन दशकांत प्रथमच.

औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत आज भिंतीवर 'फाइव्ह एस' आणि 'कायझन' यांच्या पाट्या दिसतात. हत्यार जागेवर ठेवा, जमीन झाडा, सुचेल ती सुधारणा सांगा. यात वाईट काही नाही. परंतु टोयोटाच्या कारखान्यात कामगाराच्या हाताशी एक दोरी असते. चूक दिसली की ती ओढून तो सारी रांग थांबवू शकतो. या कल्पनेचे मूळ मोटारीत नाही, साच्यात आहे. टोयोडा साकिची याने धागा तुटताच आपोआप थांबणारा साचा केला. त्याच घराण्याने पुढे १९३७ साली मोटारींची कंपनी काढली. आपल्याकडे पाट्या पुष्कळ आल्या. दोरी किती ठिकाणी आली, ते तुम्हीच आपापल्या कारखान्यात पाहा.

एक संप मात्र आम्ही प्रत्येक व्याख्यानात सांगतो. १९५४ साली ओमी केन्शी या सूत-रेशमाच्या कंपनीत मुली बाहेर पडल्या आणि १०६ दिवस आत गेल्या नाहीत. त्यांच्या मागण्यांत मजुरी होती, पण लोकांचे लक्ष गेले ते दुसऱ्याच मागण्यांकडे. आमची पत्रे फोडू नका. आमच्या सामानाची झडती घेऊ नका. लग्न करण्यास मोकळीक द्या. मालकाचा पंथ आमच्यावर लादू नका. देशभर त्याला 'मानवी हक्कांचा संप' म्हणू लागले, आणि मालकास मागण्या मान्य कराव्या लागल्या.

जळगावच्या एका व्याख्यानानंतर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई थांबल्या होत्या. गिरणी बंद पडेपर्यंत सूत गुंडाळण्याच्या खात्यात होत्या. खुर्च्या उचलणे चालू होते. त्या म्हणाल्या, "मग पुढं त्या पोरींना पत्रं न फोडता मिळायला लागली का?"

"लागली," आम्ही म्हणालो.

"मग बरं झालं," असे म्हणून त्यांनी चपला शोधल्या आणि घरी गेल्या.