गळतीचा हिशेब

गळती म्हणजे काय, हे कोयनेच्या माणसाला शिकवावे लागत नाही. शिवसागरात पाणी किती आले, पोफळीकडे किती गेले, हा हिशेब येथे रोजचाच. हृदयाच्या झडपेची गळती मोजण्याची रीतही अशाच वजाबाकीची आहे.

झडप नीट मिटली नाही, की पुढे ढकललेले काही रक्त मागे फिरते. १८१६ साली फ्रान्समध्ये लेनेक यांनी नळीतून छाती ऐकली. तेव्हापासून डॉक्टर गळतीचा आवाज ओळखू लागले. परंतु आवाज मोठा म्हणून गळतीही मोठी, असे नेहमी नसते. आकडा हवा होता. तो आला भलत्याच वाटेने.

१९४६ साली अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांनी दाखविले, की चुंबकाच्या क्षेत्रात हायड्रोजनचे अणुकेंद्र ठरावीक रेडिओलहरीला साद देते. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमध्ये एस. एस. धर्मट्टी हे भारतीय संशोधक होते. अर्नोल्ड व पॅकार्ड यांच्यासह १९५१ मध्ये त्यांनी सिद्ध केले, की मद्यार्कातील हायड्रोजन एका नव्हे, तीन सुरांत साद देतो. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनीच ही विद्या रुजविली. यंत्र परदेशी म्हणून हात जोडणाऱ्यांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. १९७३ साली लॉटरबर यांनी या सादेतून चित्र काढले. चित्र कशाचे? पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे!

आज एमआरआय यंत्र हृदयाचा डावा खालचा कप्पा चकत्याचकत्यांनी मोजते. भरलेला आणि आकसलेला, यांतील फरक समजा १०० मिलिलिटर. महारोहिणीतून पुढे गेले ६०. मग उरलेले ४० दोन डाव्या कप्प्यांमधील मायट्रल झडपेतून मागे गेले. वाहत्या रक्ताच्या सादेत वेगानुसार फरक पडतो, म्हणून प्रवाहही मोजता येतो. आधी इको तपासणी करतात, ती स्वस्त आहे. तिच्यात उलगडा झाला नाही, तर हे यंत्र.

आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना याचे अगत्य का? दाटीच्या खोलीत वाढलेल्या मुलाचा घसा सुजतो, संधिवाती ताप येतो, झडप कायमची बिघडते. मोठेपणी तो पाळीवर जात राहतो आणि हृदय आतून फुगत जाते. दम लागेपर्यंत थांबले, तर शस्त्रक्रियेनंतरही गेलेली ताकद परतेलच असे नाही. म्हणून तपासणीच्या कागदावरील कप्प्याचे माप आणि मागे फिरणाऱ्या रक्ताचा आकडा, दोन्ही विचारून घ्या. जुना कागद पगाराच्या चिठ्ठीसारखा जपा. दोन कागदांतला फरक डॉक्टरांना पाहावयाचा असतो.