न जन्मलेल्या शिल्पकाराची सही

जुन्या वस्तूंच्या अमेरिकी बाजारात १९६० व ७० च्या दशकांतील धातूची भित्तिशिल्पे आजही दिसतात: पितळ-तांब्याचे पत्रे, ज्योतीने कुरतडल्यासारख्या कडा आणि कित्येकांवर ‘सी. जेरे’ अशी सही. विक्रेते त्यांना ‘ब्रुटलिस्ट’ म्हणतात. या धाग्यात त्या विशेषणाचा आणि त्या सहीचा माग घेऊ.

‘ब्रुटलिस्ट’ म्हटले की क्रौर्य आठवते. मुळात मात्र ‘बेताँ ब्रूत’ म्हणजे कच्चे काँक्रीट: गिलावा नाही, साच्याच्या फळ्यांचे वळ तसेच राखलेले. १९५२ मध्ये पूर्ण झालेली ल कॉर्ब्युझिएची मार्सेय येथील वसाहत हे त्याचे गाजलेले उदाहरण. (चंडीगडचे सचिवालय पाहिलेल्यांना अधिक सांगणे नलगे.) १९५५ मध्ये समीक्षक रेनर बॅनहम यांनी ‘नव-ब्रुटलिझम’वर लेख लिहिला, पण त्यांचा विषय वास्तुकला होता, दिवाणखान्याची भिंत नव्हे.

मग धातूच्या शिल्पाला हे नाव का शोभते? उत्तर सांध्यात आहे. ब्रेझिंग करताना पितळेची कांडी ज्योतीत वितळते, पण जोडायचा पत्रा वितळत नाही. सांध्यावर पितळेचे थेंब गोठतात. नेटका कारागीर ते घासून टाकील. येथे ते मुद्दाम राखले जातात. अर्थात, रसायनांनी चढवलेली जुनाट छटा पाहता हा कच्चेपणा बराचसा घडवलेलाच म्हणावा लागतो.

आता सही. सी. जेरे, अर्थात कर्टिस जेरे, नावाचा शिल्पकार कधी जन्मलाच नाही. जेरी फेल्स आणि कर्ट फ्रायलर या मेहुण्यांनी आपल्या नावांच्या जोडणीतून तो निर्माण केला. त्यांच्या कंपनीचे नाव ‘आर्टिझन हाउस’, ठिकाण लॉस एंजेलिस. त्याआधी हेच दोघे तांब्याचे दागिने ‘रेन्वार’ आणि ‘मातीस’ या नावांनी विकत. थोर चित्रकारांची नावे उसनी घेऊन झाल्यावर त्यांनी स्वतःचाच एक कलावंत रचला!

याला लबाडी म्हणणे मला घाईचे वाटते. सामान्य घरांना परवडेल अशी कला त्यांना द्यायची होती, आणि गिऱ्हाइकाला कलावंताचे नाव हवे असते. खटकते ते वेगळेच: आराखडे फेल्स यांचे, पण पत्रे कापणारे, जोडणारे, रंगवणारे हात कारखान्यातील कामगारांचे. सहीत त्यांना जागा नाही.

तरीही एकाच नमुन्याची दोन शिल्पे शेजारी ठेवून पाहा. आकार तोच, सही तीच. पितळेचे थेंब मात्र प्रत्येकावर निराळ्या जागी गोठलेले.