आठ पलटणींची परीक्षा

सेनाधिकारी घडविणाऱ्या शिक्षणक्रमाचे मोल कशाने मापावे, हा प्रश्न आपल्या देशात खऱ्या अर्थाने उपस्थित झाला तो १९१८ साली. त्या वर्षी सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात हिंदी तरुणांसाठी प्रतिवर्षी १० जागा ठेवण्यात आल्या आणि इंदूरच्या डेली कॉलेजात तात्पुरता वर्ग उघडला. त्या वर्गातून करिअप्पा १ डिसेंबर १९१९ रोजी बाहेर पडले. पण त्यांची कायम नेमणूक मात्र १७ जुलै १९२० पासून धरली गेली. कारण आदल्याच दिवशी सँडहर्स्टची तुकडी बाहेर पडली होती, आणि तिच्याहून हे कनिष्ठ राहणे इष्ट होते! ज्येष्ठतेच्या यादीत एका दिवसाचे वजन किती, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

तथापि खरी परीक्षा मांडली गेली ती १९२३ साली. सरसेनापती रॉलिन्सन यांच्या कारकीर्दीत सहा पलटणी व दोन रिसाले एवढेच हिंदी अधिकाऱ्यांसाठी राखण्यात आले. त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी पलटण होती. हिंदी माणसास नेतृत्व झेपते की नाही ते पाहावे, हा उघड हेतू. गोऱ्या अधिकाऱ्यावर हिंदी वरिष्ठाची आज्ञा पाळण्याचा प्रसंग येऊ नये, हा मनातला. पुढे या पलटणींतून सुभेदार-जमादारांच्या जागी हे नवे अधिकारीच बसविण्यास आरंभ झाला. विलायतेत शिकून आलेल्या तरुणाने एका प्लॅटूनवर दिवस कंठावे, आणि मग मोठी जबाबदारी त्याने कधी पेलली आहे काय, असे त्यालाच विचारावे! आमच्या मते ही परीक्षा नव्हेच. स्कीन समितीने १९२६ साली ही योजना सोडून देण्याची शिफारस केली. सरकारने ती मानली नाही. १९३२ साली डेहराडूनची अकादमी निघाली, तिच्या पहिल्या ४० छात्रांत माणेकशा होते. पण तेथून निघणाऱ्यांचा पगार सँडहर्स्टवाल्यांहून कमी ठेवला गेला.

महायुद्धाने मात्र निरुपाय केला. अधिकारी अपुरे पडू लागले, आणि राखीव पलटणींची कुंपणे मोडावी लागली. जानेवारी १९४५ मध्ये आराकानातील कंगॉच्या लढाईत एकावन्नाव्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते: थिमय्या, कोल्हापूरकडील शंकरराव थोरात आणि एल. पी. सेन. जपान्यांशी झुंज अत्यंत निकराची झाली, आणि तिघांनाही डी. एस. ओ. हे शौर्यपदक मिळाले. तिघेही सँडहर्स्टचेच, म्हणजे शिक्षण तेच होते, अधिकार तेवढा नवा होता. थिमय्या आणि थोरात यांची उमेदवारीची वर्षे तर त्या राखीव पलटणींतच गेली होती. कंगॉ येथे त्यांच्या हाताखाली ज्या पलटणी लढल्या, त्यांतील एकही त्या आठांपैकी नव्हती.