अडीच सूत

मशीनला गोल कापायला सांगितला होता, निघालं अंडं.

लांबून पाहिलं तर गोलच दिसायचा. पण कडेवरून बोट फिरवलं की दोन ठिकाणी अडखळायचं. घड्याळात बारा आणि सहा असतात, नेमकं तिथे. कॅलिपर लावला. आडवं माप ६० मिलिमीटर, उभं ५९.६.

बाबांनी फळी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि विचारलं, "काहून बाबू, हा गोल हाये का अंडा?"

फळी सागवानाची होती, म्हणून प्रश्न जास्त लागला. बाबा गोंदियात चाळीस वर्षं दरवाजे करतात. नक्षीचं काम पूर्वी पटाशीने व्हायचं. आता त्यांचं मनगट तासाभरात सुजतं, आणि गिऱ्हाईक मोबाईलवर नागपूरच्या सीएनसी दरवाज्यांचे फोटो दाखवून तसंच मागतं. मशीन विकत घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून मी सहा महिने सुटे भाग जमवून घरीच राउटर बांधला. लग्नघरच्या दरवाज्यावरची कमळं ही त्याची पहिली ऑर्डर होती आणि हातात आठ दिवस होते. आधी चाचणी म्हणून एक साधा गोल कापला, तर तो असा.

आकडे वाचणारा माणूस

आकड्यांवर चालणाऱ्या मशीनचा इतिहास सुरू होतो तोही असाच वाकडा आकार नीट कापण्याच्या अडचणीतून. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होते. पात्याच्या वक्राचा साचा अचूक हवा होता. त्यांचे सहकारी फ्रँक स्ट्युलेन यांनी हिशोबाच्या पंचकार्ड मशीनवर त्या वक्रावरचे बिंदू मोजून काढले. मग मिलिंग मशीनवर एक जण आकडे मोठ्याने वाचायचा, दुसरा आडवं चाक फिरवायचा, तिसरा उभं. बिंदूमागून बिंदू कापत जायचं आणि मधले उंचवटे कानशीने घासायचे.

वाचणारा आणि चाकं फिरवणारे काढून तिथे मोटर बसवली तर? १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने या कल्पनेला पैसे दिले, एमआयटीची प्रयोगशाळा कामाला लागली आणि १९५२ मध्ये पहिलं मशीन लोकांसमोर चाललं. शेकडो व्हॅक्युम ट्यूब आणि भोकं पाडलेली कागदी पट्टी असा त्याचा थाट होता.

आज तेच काम माझ्या टेबलावरचा तळहाताएवढा आर्डुइनो करतो. त्यावर चालणारा जीआरबीएल हा प्रोग्राम २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी लिहिला आणि सगळ्यांना फुकट दिला. असं मशीन गावात बांधता येतं हे महाराष्ट्राला नवीन नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. एमआयटीबाहेरच्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये तिथेच उभी राहिली. शाळा सोडलेली मुलं तिथे यंत्रं बांधायला शिकली.

पण १९५२ च्या मशीनकडे एक गोष्ट होती जी माझ्याकडे नाही. आपण नक्की कुठे आहोत हे ते मशीन सतत तपासायचं. हुकूम आणि जागा यांत फरक पडला तर स्वतःला सुधारायचं. माझ्या स्वस्त स्टेपर मोटरला फक्त हुकूम जातो. "४०० पावलं पुढे" म्हटलं की ती पुढे जाते. पावलं चुकली, स्क्रू सैल होता, मध्ये लाकडाची गाठ आली, यातलं काहीही उलट कळवलं जात नाही. तपासायचं काम माणसाचं.

चार संशयित

पहिला संशय हिशोबावर. ही चूक मी आधी एकदा केलेली होती. माझ्या स्क्रूचे आटे दोन मिलिमीटर अंतरावर आहेत, म्हणून एका फेऱ्यात तो दोन मिलिमीटर सरकणार असं मी धरलं होतं. प्रत्यक्षात त्यावर चार आटे शेजारी शेजारी गुंफलेले असतात आणि एका फेऱ्यात तो आठ सरकतो. मोटरच्या एका फेऱ्याला ३२०० पल्स, म्हणजे मिलिमीटरला ४००. मी १६०० भरले होते आणि मशीन सांगितल्याच्या चौपट पळून फ्रेमवर आदळलं होतं. या वेळी आकडा बरोबर होता. शिवाय तो चुकला असता तर गोल सगळीकडून उभट किंवा चपटा झाला असता, दोनच जागी अडखळला नसता.

दुसरा संशय काटकोनावर. बाबांनी गुण्या लावला, कर्ण मोजले. बरोबर.

तिसरा संशय मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगवर. त्याचा बारीक स्क्रू सुटला की मोटर फिरते आणि स्क्रू मागे राहतो. मार्करने दोघांवर एकच रेघ मारली आणि शंभर वेळा पुढे-मागे पळवलं. रेघ तुटली नाही.

राहिला प्ले. गोल कापताना उभा अक्ष बारा आणि सहा या जागी दिशा बदलतो. वर जाणारा खाली वळतो, खाली जाणारा वर. मध्ये कुठे ढिलेपणा असेल तर वळताना मोटर आधी तो ढिलेपणा भरून काढते आणि तेवढा वेळ कटर जागीच राहतो. अडखळण्याच्या जागा तर याच होत्या.

मग डायल गेज लावला. मी लॅपटॉपवरून हुकूम द्यायचा, बाबांनी काटा वाचायचा. दहा पुढे, दहा मागे. "चाळीस घरं कमी," बाबा म्हणाले. पुन्हा. "चाळीस." पुन्हा. "एकोणचाळीस." डायलचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. ०.४ मिलिमीटर सापडला. पार्सन्सच्या कारखान्यात माणूस आकडे वाचायचा आणि चाकं फिरायची. आमच्याकडे चाकं फिरत होती आणि माणूस आकडे वाचत होता.

नट झिजला असणार असं ठरवून मी नागपूरहून स्प्रिंगचा नट आणला. एक दिवस आणि पैसे गेले. काटा म्हणाला, अडतीस.

त्या रात्री बाबा म्हणाले, रविवारपर्यंत नाही जमलं तर मी पटाशी काढतो. रागाने नाही म्हणाले, आणि तेच जास्त वाईट वाटलं.

दोन बोल्ट

सकाळी डायल वेगळ्या जागी लावला. कटरच्या गाड्याला न लावता नट ज्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात बसवलाय त्यालाच लावला. ठोकळा बरोबर जात-येत होता. म्हणजे नट निर्दोष. मागे राहत होता तो गाडा. ठोकळा आणि गाडा यांच्यामध्ये होते फक्त दोन बोल्ट, आणि पान्याला दोन्ही घट्ट लागत होते.

तरी काढले. आट्यांमध्ये ॲल्युमिनियमचा चुरा अडकला होता. पुड्यातल्या दुसऱ्या बोल्टशेजारी धरले तर सारखेच दिसले. बाबांनी दोन बोल्ट आट्यात आटा घालून उजेडाकडे धरले. दोन-तीन आटे जुळले, पुढे फट दिसायला लागली. मी दहा आटे मोजले. चांगल्या बोल्टचे १२.५ मिलिमीटर भरले, काढलेल्याचे १४.१.

"हा तर अडीच सूत हाये," बाबा म्हणाले.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आठ सूत, एक इंच. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. मला हवा होता एम-८, म्हणजे आठ मिलिमीटर. जाडीत फरक केसाएवढा, पण आट्यांचं अंतर वेगळं. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे आत जातो, मग अडकतो. हाताला वाटतं, घट्ट बसला. प्रत्यक्षात तो काहीच धरत नाही. मशीन थरथरलं की ठोकळा सरकतो.

आटा कुठून आला

दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी ही चूक होऊच शकली नसती, कारण कुठलाच नट दुसऱ्या बोल्टला बसायचा नाही. जोडी जोडीने बनवायचे आणि जोडीनेच जपायचे. १८०० च्या आसपास लंडनच्या हेन्री मॉडस्लेने एकसारखे आटे कापणारा लेथ बनवला. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवलं की देशभर प्रत्येक जाडीला आट्याचं एकच माप असावं. ५/१६ इंच जाडी असेल तर इंचाला १८ आटे. माझ्या पुड्यातला बोल्ट तंतोतंत हाच.

रेल्वे आणि इंग्रजी यंत्रांबरोबर हे माप भारतात आलं. मापं जुळली नाहीत तर काय होतं हे गोंदियाने रोज पाहिलंय. बंगाल-नागपूर रेल्वेची रुंद लाइन १६७६ मिलिमीटरची, तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरकडे निघालेली छोटी लाइन ७६२ ची. एका गाडीतला माल दुसऱ्या गाडीत माणसांनी वाहायचा. ती छोटी लाइन मोठी व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा केला. १९५७ मध्ये नवे पैसे आले, पुढच्या काही वर्षांत शेर-मण गेले, किलो-लिटर आले. पण सूत गेलं नाही. सुतार हा शब्दच सूत्रधारावरून आलाय, दोरी धरून सरळ रेघ मारणारा. सुताराच्या तोंडातून ते माप कुठला कायदा काढणार? हार्डवेअरच्या दुकानात आजही सूत आणि मिलिमीटर एकाच काउंटरवर शेजारी नांदतात, आणि कधीतरी एकाच पुड्यात येतात.

म्हणून दुकानदाराला दोष देता येत नाही. मी पुडा मागितला, मोजून घेतला नाही.

कमळ

आटे खराब झालेली भोकं मोठी केली, आरपार बोल्ट घालून खालून नट लावले. या वेळी प्रत्येक बोल्ट आधी मोजला. डायलचा काटा दोन घरांवर आला. गोल ६० बाय ६० निघाला. बाबांनी कडेवरून बोट फिरवलं, पूर्ण फेरा, आणि काही न बोलता सागवानाची मोठी फळी टेबलावर ठेवली.

शनिवारी रात्री कमळं कापून झाली. फक्त पाकळ्यांचे आतले कोपरे गोल राहिले होते. कटर गोल फिरतो, त्यामुळे आतला टोकदार कोपरा त्याला कधीच काढता येत नाही. हे मला माहीत होतं, पण त्याचं काय करायचं याचा विचार केला नव्हता.

बाबांनी तीन सुताची पटाशी घेतली आणि पहिल्या पाकळीपाशी बसले. प्रत्येक कोपऱ्याला दोन ठोके. मनगट सुजायच्या आत काम संपलं.